गाडीचा विमा, टायर, बॅटरी, पार्ट्स: काय आधी घ्यायचं आणि नेमकं कुठं चुकतं

मे संपत आला की फोन सुरू होतात. "पॉलिसी उद्या संपतीया, कुठली घेऊ?" उद्या संपणार असेल तर निवडायला उरतंय काय? जी स्वस्त दिसेल ती घ्यायची आणि मोकळं व्हायचं. याच माणसानं दोन महिन्यांपूर्वी मोठा स्क्रीन, मागचा कॅमेरा आणि पायाखालच्या जाड मॅट हौसेनं बसवलेल्या असतात. टायर मात्र गुळगुळीत झालेले, आणि पॉलिसीत इंजिनचं कव्हर नाही.

खर्च तेवढाच होतो, क्रम उलटा असतो. आधी कागद, मग विमा, मग गाडी थांबवणाऱ्या वस्तू, मग ती चालू करणाऱ्या, आणि शोभेचं सगळ्यात शेवटी, हा क्रम धरा. खाली लिहिलेलं घरच्या खासगी चारचाकीसाठी आहे. टॅक्सी परमिट किंवा मालवाहू गाडीचे नियम आणि दर वेगळे.

टप्पा १: महिनाभर आधी घरात बसून नंबर गोळा करा

पॉलिसी संपायला महिना-दीड महिना असतानाच पुढच्या गोष्टींचे फोटो काढून फोनमध्ये एका जागी ठेवा:

- आरसी बुक किंवा स्मार्ट कार्डाच्या दोन्ही बाजू
- चालू पॉलिसीची सगळी पानं, फक्त पहिलं पान नव्हे
- पीयूसी
- सतरा अक्षरी चासिस नंबर आणि इंजिन नंबर
- चारही टायरच्या भिंतीवरचा साइजचा आकडा, स्टेपनीचासुद्धा
- बॅटरीवरचं लेबल आणि तिचं वॉरंटी कार्ड
- बाहेरून बसवलेल्या प्रत्येक वस्तूचं बिल

आता आरसी आणि पॉलिसी शेजारी ठेवून जुळवा. नावाचं स्पेलिंग, इंजिन नंबर, इंधन, नोंदणीची तारीख. निम्म्या भानगडी इथंच सापडतात. सीएनजी किट बसवलंय पण आरसीवर नोंद नाही, हे तर नेहमीचं. मग विमा कंपनीच्या दृष्टीनं गाडी अजून पेट्रोलचीच आहे आणि क्लेमच्या दिवशी वाद ठरलेला. नोंद आधी आरटीओत, मग पॉलिसीत.

दुसरी नेहमीची भानगड कर्जाची. हप्ते तीन वर्षांपूर्वी फिटले, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. पॉलिसीतही बँकेचं नाव राहतं आणि गाडी पूर्ण गेली तर पैसे आधी बँकेच्या दारात जातात. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवून घ्या. एनओसीची मुदत संपली असेल तर बँकेकडून नवीन आणावी लागते.

> तपासा: गाडीची नोंदणी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल आणि अजून हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली नसेल, तर ते कामही याच यादीत घाला.

टप्पा २: गाडी रात्री कुठं उभी असते ते लिहा

हे कुणी विचारत नाही, एजंट तर नाहीच. पण कोल्हापुरात पॉलिसी निवडताना हाच पहिला प्रश्न हवा.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी त्याच्याही बरंच वर गेलं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारमळा, जयंती नाल्याच्या कडेच्या गल्ल्या पाण्यात गेल्या आणि शिरोलीजवळ हायवे बंद पडला. घर पहिल्या मजल्यावर म्हणून माणसं निर्धास्त होती. गाडी मात्र खाली तळघरातल्या पार्किंगमध्ये.

तेव्हा तीन ओळी लिहा. एक, गाडी उभी असते ती जागा पाण्याच्या टप्प्यात येते का, तळघर आहे का. दोन, गाडी कुठं फिरते: फक्त शहरात, की गगनबावडा, आंबोली, आंबा घाटातही. तीन, रात्रीचा प्रवास किती. ऊस हंगामात बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या अंगावर येतात त्या रस्त्यांवर फिरणाऱ्याची गरज आणि राजारामपुरीतून दुकानापर्यंत जाऊन येणाऱ्याची गरज एक नाही.

या तीन ओळींवरून पुढची कव्हरं ठरतील.

टप्पा ३: पॉलिसी निवडणं

इथं वेळ द्या. बाकीच्या टप्प्यांत झालेली चूक पुन्हा खर्च करून सुधारता येते, इथली वर्षभर सुधारत नाही.

थर्ड पार्टी आणि स्वतःचं नुकसान वेगळं ओळखा. थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडलात तर ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान त्यात येतं, तुमच्या बंपरसाठी त्यात एक रुपया नाही. याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, वर जीएसटी. म्हणजे "आमच्याकडं थर्ड पार्टी स्वस्त बसतीय" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. घासाघीस होते ती स्वतःच्या नुकसानीच्या भागात, म्हणजे ओन डॅमेजमध्ये.

सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम मिळतो. ओन डॅमेज मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. "तीन वर्षांचा विमा आहे" या समजुतीवर दुसरं वर्ष बिनकव्हरचं काढलेली माणसं मी पाहिली आहेत. पॉलिसीवर दोन वेगळ्या मुदती छापलेल्या असतात, दोन्ही वाचा.

आयडीव्ही मुद्दाम पाडू नका. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम म्हणजे आयडीव्ही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. नवी गाडी सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग दरवर्षी २०, ३०, ४० असं करत पाचव्या वर्षात ५० टक्के घट धरली जाते. पाच वर्षांनंतर आकडा तुमच्या आणि कंपनीच्या संमतीनं ठरतो. ऑनलाइन कोटेशनमध्ये स्वस्त दिसणारी पॉलिसी बऱ्याचदा याच जागी कापलेली असते. दोन कोटेशनांची तुलना करायची तर दोन्हीकडं आयडीव्ही सारखी करून घ्या, मगच हप्ता बघा.

झिरो डेप, म्हणजे पार्टच्या झिजेपोटी होणारी कपात टाळणारं कव्हर, कशासाठी, ते एका बिलावर बघा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांच्या किमतीतून सरसकट ५० टक्के कापतात. काचेला कपात नाही. पत्र्याच्या भागांची कपात वयानुसार वाढते, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ती ३५ टक्के. समजा साडेचार वर्षांची, १,२०० सीसीची गाडी समोरून घासली:

- बंपर ८,०००: निम्मे कापले, मिळाले ४,०००
- बॉनेट १२,०००: ३५ टक्के कापले, मिळाले ७,८००
- पुढची काच ७,०००: पूर्ण मिळाले

झाले १८,८००. त्यातून सक्तीची वजावट १,००० रुपये (१,५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,०००). हातात १७,८००, आणि २७,००० च्या बिलातले ९,२०० तुमच्या खिशातून. रंगकाम आणखी वेगळं. झिरो डेप घेतलं असतं तर वजावटीचे हजारच गेले असते. बऱ्याच कंपन्या हे कव्हर पाच वर्षांपर्यंतच देतात, काही पुढंही देतात, आणि वर्षाला किती क्लेम चालतील याची मर्यादा असते. ती मर्यादा विचारून घ्या.

इंजिनचं कव्हर. टप्पा दोनमध्ये पहिल्या ओळीचं उत्तर "हो" असेल तर हे सोडू नका. पुरात गाडी भिजली तर सीट, वायरिंग, साफसफाई साध्या सर्वसमावेशक पॉलिसीतही बसते. पण इंजिनमध्ये पाणी शिरलेलं असताना चावी फिरवली आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते पुराचं थेट नुकसान नाही, तुमच्या कृतीचा परिणाम आहे, असं कंपनी म्हणते आणि कागदावर ती बरोबर असते. २०२१ च्या पुरानंतर माझ्या मेव्हण्यानं "बघूया तरी चालू होतीय का" म्हणून एकदाच स्टार्टर मारला. एकदाच. इंजिन उघडल्यावर दोन रॉड वाकलेले निघाले. त्याची पॉलिसी चांगल्या कंपनीची होती, महागही होती, फक्त हे एक कव्हर नव्हतं.

कव्हर असलं तरी पाण्यात गाडी चालू करण्याची सूट मिळत नाही. त्याच्याही अटी असतात, त्या पॉलिसीच्या मागच्या पानांवर असतात आणि मागची पानं कुणी वाचत नाही.

बाकीची कव्हरं पटकन: ऑइल, कूलंट, नट-बोल्ट यांचा खर्च देणारं कन्झ्युमेबल्स कव्हर झिरो डेपसोबत घेतलं तर उपयोगी. रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर आयडीव्हीऐवजी खरेदी बिलाची रक्कम देणारं) नव्या गाडीलाच. रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी बंद पडली तर मिळणारी मदत) घाटात फिरणाऱ्यानं घ्यावा, पण गाडीच्या कंपनीकडून तो आधीच मिळालेला नाही ना बघा. चालक-मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे, मात्र तो तुमच्याकडं दुसऱ्या गाडीवर किंवा स्वतंत्र घेतलेला असेल तर पुन्हा पैसे भरू नका. हे सांगितल्याशिवाय कुणी वगळत नाही.

एनसीबीचा हिशेब. क्लेम न केल्याची सूट २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढते आणि ती फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळते. एक छोटा क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य. समजा ओन डॅमेजचा हप्ता ६,००० आणि तुमची सूट ५० टक्के. क्लेमनंतर सूट शून्यावर येऊन पुन्हा पन्नासपर्यंत चढेस्तोवर पाच नूतनीकरणांत ३,०००, १,८००, १,५००, ९०० आणि ३०० असे जास्त भराल. एकूण ७,५००. गाडी जुनी होईल तसा हप्ता उतरतो, त्यामुळं आकडा थोडा कमी भरेल. तरी पाच हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करणं तोट्याचं, हे लक्षात येईल.

> सावध: एनसीबी गाडीची नसते, माणसाची असते. जुनी गाडी विकत घेतली तर आधीच्या मालकाची सूट तुम्हाला मिळत नाही. स्वतःची गाडी विकली तर कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ते नव्या गाडीला तीन वर्षांपर्यंत चालतं. आणि मागच्या वर्षी क्लेम केलेला असताना फॉर्मवर "क्लेम नाही" लिहू देऊ नका. एजंट म्हणेल, "हप्ता कमी बसंल, कोण बघतंय!" क्लेमच्या दिवशी कंपनी बघते.

> सावध: पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की साठलेली सूट जाते. त्याआधीही, एक दिवस जरी खंड पडला तरी ओन डॅमेजसाठी गाडीची तपासणी मागतात, आणि त्या खंडातलं नुकसान कुणीच भरत नाही.

टप्पा ४: पैसे भरताना आणि भरल्यावर

कोटेशन किमान तीन घ्या: चालू कंपनीचं, ऑनलाइन एक आणि ओळखीच्या एजंटकडून एक. एजंट नकोच, असं माझं म्हणणं नाही. अपघातानंतर रात्री दहाला फोन उचलणारा एजंट असेल तर चार पैसे जास्त गेले तरी त्याच्याकडूनच घ्या. पण पैसे कंपनीच्या नावानं, कंपनीच्या लिंकवरून किंवा चेकनं. एजंटच्या वैयक्तिक खात्यावर नाही.

पॉलिसी आली की त्याच दिवशी तीन गोष्टी करा. पहिल्या टप्प्यातल्या फोटोंशी नंबर जुळवा. मागितलेली कव्हरं नावानिशी छापली आहेत का बघा, कारण "घातलंय की ओ" आणि छापलेलं यांत फरक असतो. आणि एम-परिवहन अॅपवर विम्याची तारीख बदलली का पाहा. एक-दोन दिवस लागू शकतात, पण आठवडा उलटूनही जुनीच तारीख दिसली तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर पॉलिसी नंबर सांगून खात्री करा.

जवळची कॅशलेस गॅरेजं, म्हणजे जिथं कंपनी बिल थेट गॅरेजला देते ती कोणती, हेही आत्ताच विचारा. यादीत पुणे-मुंबईची पन्नास आणि कोल्हापूरचं एक, असं असेल तर कॅशलेसचा तुम्हाला काय उपयोग?

टप्पा ५: टायर

आता दुकानात जायला हरकत नाही. पहिला खर्च टायरचा, कारण ओल्या घाटात ब्रेक कितीही चांगला असला तरी शेवटी पकड टायरचीच.

आधी खरंच बदलायचे आहेत का ते बघा. टायरच्या खोबणीत आडव्या छोट्या पट्ट्या असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे खोबण १.६ मिलिमीटर उरली, आता बदलायचाच. पावसाळ्यासाठी मी इतकं थांबत नाही, पट्टीच्या थोडं वर असतानाच बदलतो. भिंतीवर बारीक चिरा किंवा फुगा दिसला तर खोबण कितीही असो, टायर गेला.

साइज वाचायला शिका. १८५/६५ आर१५ ८८एच असं लिहिलेलं असेल तर १८५ मिलिमीटर रुंदी, भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. शेवटचं ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोपर्यंत भार, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. दुकानदार साइज बरोबर देतो, पण शेवटचा आकडा कमी असलेला टायर गळ्यात मारू शकतो. मूळ आकड्यापेक्षा खाली जायचं नाही. रुंद टायरची हौस असेल तर आधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये परवानगी बघा.

मग तारीख. टायरवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, त्यात पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २४२५ म्हणजे २०२५ चा चोविसावा आठवडा. मला एका दुकानात "ताजा माल" म्हणून दाखवलेला टायर पावणेदोन वर्षांचा निघाला. आकडे आतल्या बाजूला होते, उलटा करून बघितला म्हणून कळलं. सहा महिन्यांच्या आतला मागा. चारही टायरवर आकडे स्वतः वाचा आणि बिलावर लिहून घ्या.

> नेहमीची चूक: दोनच टायर घेतले तर नवीन पुढं टाकायचे, कारण "गाडी पुढनं ओढतीय". नवीन जोडी मागं टाका. ओल्या रस्त्यावर पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की सावरता येते. मागचे सुटले तर गाडी फिरते, आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

बसवताना रबरी व्हॉल्व्ह नवीन, बॅलन्सिंग चारही चाकांचं, मग अलाइनमेंट. हवा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली तेवढीच. नायट्रोजनसाठी पैसे देऊ नका. साधी हवा दर पंधरा दिवसांनी तपासली तर काम भागतं.

किमतीचा एक मुद्दा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायर आणि गाडीच्या बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कच्च्या चिठ्ठीवर "जुना स्टॉक, जुनाच दर" ऐकवलं तर पक्कं बिल मागा. पक्क्या बिलाशिवाय वॉरंटीही नाही.

टप्पा ६: बॅटरी

सकाळी गाडी चालू होत नाही, मेस्त्री येतो, "बॅटरी गेलीया" म्हणतो आणि तासाभरात नवीन बसते. पंधरा दिवसांत तीही बंद पडते, कारण दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा होता. म्हणून आधी मीटर लावायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवं. चालू इंजिनावरही आकडा बारातच रेंगाळत असेल तर बॅटरी घेऊ नका, आधी चार्जिंग दुरुस्त करा.

घेताना अँपिअर-अवर (बॅटरीच्या क्षमतेचा आकडा) मूळ बॅटरीइतकं, प्लस टर्मिनल त्याच बाजूला, आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर त्याच प्रकारची खास बॅटरी. साधी स्वस्त पडते, पण अशा गाडीत टिकत नाही. वॉरंटी "२४ + २४" अशी लिहिलेली असेल तर पहिल्या चोवीस महिन्यांत बॅटरी बदलून मिळते, पुढच्या चोवीस महिन्यांत फक्त काही टक्के सूट. विकताना मात्र "चार वर्षांची गॅरंटी" असंच सांगतात. कार्डावर शिक्का, तारीख आणि गाडी नंबर तिथंच घालून घ्या. जुनी बॅटरी फुकट सोडू नका, तिचे पैसे बिलातून वजा होतात.

टप्पा ७: सुटे पार्ट्स

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाडीचं मिळत नाही असं काही नाही, आणि कारागिरीला तोड नाही. अडचण असते आपल्या मागण्यात. "अमुक गाडीचे ब्रेक पॅड द्या" म्हणाल तर हाताला लागेल तो डबा समोर येतो. चासिस नंबर द्या आणि पार्ट नंबर काढायला सांगा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पॅड बदललेले असतात.

माझा नियम साधा आहे. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचे जोड, सीटबेल्ट, एअरबॅग यांत जुना किंवा बिननावाचा माल नाही. आरसा, दाराचं हँडल, व्हील कव्हर, आतली प्लास्टिकं भंगारातून चांगली मिळाली तर खुशाल घ्या. ऑइल फिल्टर स्वस्त म्हणून दुय्यम घेऊ नका. त्यात वाचलेले पैसे इंजिनकडून वसूल होतात.

- सीलबंद डबा, छापील किंमत, पार्ट नंबर आणि बनवल्याची तारीख बघूनच पैसे द्या
- ब्रेक पॅड एका चाकाचे बदलत नाहीत, दोन्ही बाजूंचे जोडीनं बदला
- ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, दोन वर्षं झाली असतील तर पॅडसोबत तेही
- काढलेला जुना पार्ट मागून घरी न्या. बदलला की नाही याचा तोच पुरावा
- वायपरचं रबर जूनच्या आधी बदला, जूनमध्ये चांगल्या साइज संपलेल्या असतात

इंजिन ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये असतो, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असा. "घाटात जाड ऑइल बरं" हा सल्ला जुन्या डिझेल जीपच्या काळातला आहे.

टप्पा ८: उपकरणं आणि हौस

इथं थोडक्यात. डिकीत असायलाच हवं ते असं: चालू स्थितीतला जॅक आणि पाना, हवा भरलेली स्टेपनी, लाल त्रिकोण, टॉर्च, प्रथमोपचार पेटी, टो दोरी. स्टेपनी मूळ चाकापेक्षा बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा, बहुधा ती ताशी ८० असते.

पुढं लोखंडी गार्ड बसवू नका. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे, आणि पुढच्या एअरबॅगचं गणितही त्यानं बिघडतं. काचेतून पुढं-मागं किमान ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के उजेड पार व्हावा लागतो, त्यामुळं काळी फिल्म म्हणजे दंडाला आमंत्रण. डोळे दिपवणारे पांढरे दिवे कोरड्या रात्री झकास वाटतात. आंबोलीच्या धुक्यात समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते.

स्क्रीन, कॅमेरा, हॉर्न बसवायचा असेल तर वायर न कापता कपलरवर (गाडीच्या तयार जोडणीवर) बसवणारा माणूस शोधा. वायर कापली की गाडीच्या वॉरंटीला हात लागतो, आणि पुढं कधी शॉर्ट सर्किट झालं तर सर्व्हेअर (कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस) पहिल्यांदा तीच जोडलेली वायर दाखवतो.

> तपासा: बाहेरून बसवलेली महागडी वस्तू पॉलिसीत किमतीसह नोंदवली का? नोंद नसेल तर तिचे पैसे मिळत नाहीत. सीएनजी किटचंही तसंच, आणि त्याच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी लागते.

टप्पा ९: पाणी चढायला लागलं तर

घेतलेल्या विम्याचा उपयोग होतो की नाही, ते या दोन दिवसांत ठरतं.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि राजाराम बंधाऱ्याचा आकडा ३९ च्या जवळ सरकला की तळघरातली गाडी बाहेर काढा. धोका पातळीची वाट बघू नका. विद्यापीठाच्या बाजूला, सागरमाळावर, कुणा पाहुण्यांच्या दारात, कुठंही उंचावर लावा. तोपर्यंत रस्ते मोकळे असतात, नंतर नसतात.

गाडी पाण्यात सापडलीच तर:

1. चावी फिरवायची नाही, पुश बटणही दाबायचं नाही. पाणी उतरल्यावरही नाही.
2. पाणी असताना लांबून आणि उतरल्यावर जवळून फोटो, व्हिडिओ. नंबर प्लेट आणि पाण्याची रेघ एकाच चौकटीत यायला हवी.
3. जमलं तर बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवा. पाणी अजून साचलेलं असेल तर हात लावू नका.
4. कंपनीला लगेच कळवा आणि क्लेमचा क्रमांक लिहून घ्या. पुराच्या दिवसांत फोन लागत नाहीत, म्हणून ईमेलही करा. ईमेलवर वेळ छापली जाते.
5. टोइंग करूनच गॅरेजला न्या, ढकलून गिअरमध्ये टाकून चालू करायचा प्रयोग नको.
6. सर्व्हेअर बघेपर्यंत गाडी धुवायची नाही, इंजिन उघडायचं नाही. मेस्त्री घाई करेल, त्याला थांबवा.

सर्व्हेअर आला की त्याच्यासोबत उभं राहा आणि त्यानं काय नोंदवलं ते विचारा. गॅरेजच्या अंदाजपत्रकाची प्रत घ्या. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, कलमाच्या क्रमांकासह. तोंडी "बसत नाही" याला काही अर्थ नाही.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जा. कोल्हापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. अर्जाला फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. सोबत पॉलिसी, नकाराचं पत्र, सर्व्हेअरचा अहवाल आणि पाण्याच्या रेघेचे ते फोटो.